गुरूवरून चंद्र जाताना बघायचं काय, कधी बघायचं आणि फोटो कसा घ्यायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे की सहा इंची डोब (साध्या स्टँडवर हाताने फिरवायची आरशाची दुर्बीण) आहे (१५० मिमी, फोकल लेंथ १२०० मिमी), ॲपमध्ये आयोचं (गुरूच्या चार मोठ्या चंद्रांपैकी एक, बाकीचे युरोपा, गॅनिमीड, कॅलिस्टो) अधिक्रमण, म्हणजे गुरूच्या बिंबासमोरून जाणं, दाखवलं म्हणून दुर्बीण लावली, गुरूचे दोन पट्टे छान दिसले पण बिंबावर चंद्र काही केल्या सापडला नाही, आणि मोबाईल आयपीसला (डोळा लावायच्या भिंगाला) धरला तर नुसता पांढरा गोळा आला. मग दुर्बीण लहान पडते का, आणि कॅमेरा घेतला तर नक्की करायचं काय?

आधी पहिलं सांगतो, दुर्बीण अजिबात लहान पडत नाहीये. सहा इंच या कामाला पुष्कळ झालं. तुम्ही बहुतेक चंद्र शोधत होतात, तोही बिंबाच्या मधोमध, आणि आयो तिथे असताना दहा इंची दुर्बिणीतूनही सहजासहजी हाती लागत नाही. बिंबावर ठसठशीत दिसते ती चंद्राची सावली. काळा कुळकुळीत ठिपका, शाईच्या पेनाचं टोक टेकवल्यासारखा. दर अधिक्रमणात या दोन गोष्टी वेगवेगळ्या असतात, चंद्र आणि त्याची सावली, आणि दोघांच्या आत यायच्या आणि बाहेर जायच्या वेळा वेगळ्या, म्हणजे एकूण चार वेळा. नुसतं 'आयोचं अधिक्रमण अमुक वाजता' एवढं वाचून बाहेर गेलं की हमखास गडबड होते. चारही वेळा कागदावर लिहून घ्या, मी अजूनही लिहूनच घेतो.

चंद्र मध्यावर का दिसत नाही ते एकदा समजून घेतलं की अर्ध काम होतं. गुरूचं बिंब सगळीकडे सारखं उजळ नसतं, कडेला काळवंडलेलं आणि मध्ये उजळ असतं. आयो आणि युरोपा यांचे पृष्ठभाग चांगले उजळ आहेत, साधारण गुरूच्या ढगांच्या तोडीचे. त्यामुळे कडेवरून आत शिरताना मागची बाजू काळपट असते आणि चंद्र पांढऱ्या मण्यासारखा उठून दिसतो, मग तो जसजसा आत सरकतो तसतशी मागची बाजू त्याच्याइतकीच उजळ होत जाते आणि पंधरा-वीस मिनिटांत तो डोळ्यांदेखत विरघळतो. पलीकडच्या कडेला पोचला की परत उगवतो. आयो एखाद्या गडद पट्ट्यावरून जात असेल तर मध्येही पुसटसा दिसू शकतो, पण युरोपा एकदा पांढऱ्या झोनवर (गडद पट्ट्यांमधल्या उजळ पट्ट्यावर) आला की मी त्याला शोधत बसत नाही, सरळ चहाला जातो. गॅनिमीडचं उलटं. तो गुरूच्या ढगांपेक्षा कमी उजळ, त्यामुळे कडेला हरवतो आणि मध्यावर आला की करड्या-तपकिरी ठिपक्यासारखा दिसायला लागतो. कॅलिस्टो तर चौघांत सगळ्यात काळा, तो मध्यावर असला की जवळजवळ सावलीच वाटते.

हे मी गॅनिमीडकडूनच शिकलो. एका रात्री बिंबाच्या उत्तरेकडच्या भागात गडद ठिपका स्पष्ट दिसत होता, मी वहीत 'सावली' असं लिहून चित्रही काढलं आणि मग वेळ ताडून बघितली तर सावली आत यायला अजून तासभर अवकाश होता. म्हणजे मी बघत होतो तो खुद्द गॅनिमीड होता. तासाभराने खरी सावली कडेवरून आत आली तेव्हा दोन्ही एकाच वेळी बिंबावर होते आणि फरक लख्ख कळला. सावलीचा काळा रंग म्हणजे निव्वळ काळा, त्यात काहीच नाही, आणि गॅनिमीडचा ठिपका त्याच्या शेजारी चक्क चॉकलेटी. दोन्ही एकत्र असलेलं अधिक्रमण कधी मिळालं तर सोडू नका, चित्रात किंवा लेखात वाचून हे कळत नाही, दोन्ही शेजारी बघूनच कळतं.

आता सावली आधी येणार का चंद्र आधी, हे कशावर ठरतं? गुरू प्रतियुतीत (आपल्या आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला) यायच्या आधीचे महिने, म्हणजे तो मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे वर असतो तेव्हा, सावली पुढे आणि चंद्र मागे. प्रतियुतीनंतर, म्हणजे गुरू संध्याकाळच्या आकाशात असताना, चंद्र पुढे आणि सावली मागून. प्रतियुतीच्या अगदी जवळ दोघं एकमेकांना चिकटलेले असतात, कधीकधी चंद्र स्वतःच्याच सावलीवर बसलेला असतो. आणि प्रतियुतीपासून तीनेक महिने लांब गेलं की अंतर सगळ्यात जास्त, आयोच्या बाबतीत गुरूच्या जवळपास अर्ध्या बिंबाइतकं, म्हणजे वेळेत एक तासाहून थोडं जास्त. गॅनिमीड लांब असल्यामुळे त्या दिवसांत चंद्र बिंबाच्या पार बाहेर आणि सावली मात्र बिंबावर असं दृश्य दिसतं, ते पहिल्यांदा बघताना ॲप चुकलंय असंच वाटतं, पण ॲप बरोबर असतं.

सावल्यासुद्धा चौघांच्या सारख्या नसतात हे फार कमी लोक सांगतात. गुरूवरून सूर्य फक्त ६ आर्कमिनिटांचा (अंशाचा दहावा भाग) दिसतो, तरी तो बिंदू नाही, त्यामुळे चंद्र जितका लांब तितकी सावलीची कड मऊ. आयो गुरूच्या ढगांपासून साधारण साडेतीन लाख किमीवर, त्याच्या ३६४३ किमी व्यासातून गडद सावली पडते ती सुमारे ३००० किमीची, कड एकदम धारदार. कॅलिस्टो अठरा लाख किमीवर, व्यास ४८२१ किमी असूनही पूर्ण काळा भाग उरतो जेमतेम १६०० किमीचा आणि भोवती मोठी धूसर किनार. म्हणून मोठा चंद्र म्हणजे मोठी काळी सावली असं समीकरण नाही. सुरुवात करायला सगळ्यात सोपी गॅनिमीडची सावली, मग आयोची. युरोपाची सावली लहान, साधारण २००० किमी, तिला हवा स्थिर लागते.

वेळापत्रकाची एक युक्ती सांगतो जी मला फार उपयोगी पडली. आयो साधारण साडेबेचाळीस तासांत एक फेरी मारतो, युरोपा साडेतीन दिवसांत आणि गॅनिमीड सात दिवसांच्या थोडं वर. तिघांच्या फेऱ्या १:२:४ अशा एकमेकांत अडकलेल्या आहेत, त्यामुळे तिघंही एका आठवड्याने जवळपास त्याच जागी परत येतात. आज रात्री नऊला आयोची सावली आत आली तर पुढच्या आठवड्यात त्याच वारी ती अकराच्या सुमाराला येणार. युरोपाला आठवड्याने साधारण अडीच तास उशीर होतो, गॅनिमीडला चार तास. ढगांनी एक रात्र खाल्ली तर पुढच्या आठवड्याचा अंदाज तिथल्या तिथे तोंडी बांधता येतो. नेमक्या मिनिटासाठी मात्र स्टेलारियम (आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर) किंवा तत्सम काहीतरी उघडाच, आणि वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) दिली आहे का तुमच्या घड्याळाप्रमाणे, हे दोनदा तपासा. गुरूकडून प्रकाश यायला अंतराप्रमाणे साधारण ३३ ते ५४ मिनिटं लागतात, चांगल्या ॲपमध्ये तो हिशोब आधीच धरलेला असतो, आपण वेगळं काही वजा करायचं नाही. (याच उशिरामुळे आयोची ग्रहणं कधी लवकर तर कधी उशिरा दिसतात हे पकडून रोमरने १६७६ साली प्रकाशाला वेग असतो हे मांडलं होतं, म्हणजे आपण जे बघतोय त्या घड्याळाला मोठा इतिहास आहे.)

आता डोळ्याने बघण्याबद्दल. १५० मिमीच्या आरशाची विभेदन मर्यादा (वेगळं दिसू शकेल इतकं कमीत कमी अंतर) साधारण ०.८ आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), आयोची सावली एक आर्कसेकंदाच्या आसपास, म्हणजे बसते. पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा काळा ठिपका तर मर्यादेपेक्षा बारीक असला तरी डोळा पकडतो, म्हणून ८० मिमीच्या दुर्बिणीतूनही सावल्या दिसतात. साडेसात मिमीचा आयपीस लावला की १६० पट होतात, गुरू प्रतियुतीजवळ ४५ आर्कसेकंदांचा धरला तर तो तुम्हाला पौर्णिमेचा चंद्र नुसत्या डोळ्यांना दिसतो त्याच्या चौपट दिसेल. तेवढं पुरतं. लोक ३०० पट लावतात आणि मग काही दिसत नाही म्हणतात, सहा इंचीला १५० ते २०० हीच जागा, आणि हवा हलत असेल तर १२० वर या.

आणि हवा हलतेच. या सगळ्या छंदात सीइंगइतकं (हवेच्या स्थिरतेइतकं) महत्त्वाचं दुसरं काहीही नाही, आरसा नाही, कॅमेरा नाही. तारे जोरात लुकलुकत असतील त्या रात्री सावलीचा ठिपका नुसता राखाडी डाग होतो. तापलेल्या छपरांवरून, भिंतींवरून, गच्चीच्या काँक्रीटवरून बघणं टाळा, गवतावर किंवा मातीवर दुर्बीण ठेवली तर चांगलं. गुरू क्षितिजापासून निदान ३०-३५ अंश वर येऊ द्या. आणि आरसा थंड व्हायला वेळ द्या, सहा इंचीला पाऊण ते एक तास. माझी एक छान युरोपाची संधी निव्वळ यात गेली, दुर्बीण घरातून काढून थेट डोळा लावला, नळीत गरम हवेचे लोट, आणि आरसा थंड होईस्तोवर चंद्र आत जाऊन हरवलेला. तेव्हापासून पहिल्या वेळेच्या तासभर आधी दुर्बीण बाहेर, हा नियमच केलाय. कॉलिमेशनही (आरसे एका रेषेत जुळलेले असणं) त्याच वेळात तपासून घ्या, एफ/८ ला (फोकल लेंथ आरशाच्या व्यासाच्या आठपट) ते फार नाजूक नसतं पण बिघडलेलं असलं तर पहिला बळी सावलीची धार.

अजून एक, खुर्चीवर बसा. खरंच सांगतो, उभं राहून वाकून बघताना जे दिसत नाही ते बसून शांतपणे बघताना दिसतं. हवा सतत खळखळत असते आणि मध्येच अर्धा-एक सेकंद एकदम थांबते, त्या अर्ध्या सेकंदात सगळं कोरल्यासारखं दिसतं आणि परत पुसलं जातं. दहा मिनिटं डोळा लावून बसलात तर असे वीस-पंचवीस क्षण मिळतात. गुरूसाठी डोळे अंधाराला सरावायची गरज नाही, उलट मागे थोडा उजेड असलेला बरा, रंग नीट कळतात.

पहिल्यांदा बघण्यासाठी माझं मत विचाराल तर चंद्र बाहेर पडतो ती वेळ धरा. आत जाताना तो कडेला टेकायच्या आधीपासून पाठलाग करता येतो हे खरं, पण बाहेर पडणं जास्त सुंदर. युरोपाचं सांगतो. दोन-अडीच तास तो कुठेही नसतो, मग शेवटच्या वीसेक मिनिटांत काळपट होत गेलेल्या कडेजवळ एक पांढरा कण दिसल्यासारखा वाटतो, आहे-नाही करत. तो पक्का होतो, कडेकडे सरकतो, आणि मग बिंबाची ती गुळगुळीत कड तेवढ्याच जागी जराशी फुगते. पिठाच्या गोळ्याला बारीक कण चिकटून कडेला यावा तशी. चारेक मिनिटं ती फुगवटी वाढत राहते, मग कण आणि कड यांच्यात काळ्या आकाशाची एक केसाएवढी रेघ येते आणि तो सुटतो. आयोला हे सुटणं साडेतीन मिनिटांचं, गॅनिमीडला आठ मिनिटांचं. गुरूसमोर तरंगणारं हे एक वेगळं जग आहे, ही जाणीव मला दुसऱ्या कशानेच इतकी नेमकी झालेली नाही.

आता फोटो. मोबाईलवर पांढरा गोळा आला कारण मोबाईलने आजूबाजूचा काळोख मोजून एक्स्पोजर वाढवलं. मोबाईल अडॅप्टरने घट्ट बसवा, हातात धरू नका, गुरूवर बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा आणि उजेड खाली ओढत जा, पट्टे दिसायला लागेपर्यंत. नंतरही थोडा खाली. मग फोटो नाही, व्हिडिओ घ्या, ३० ते ६० सेकंदांचा. त्यातून गॅनिमीडची किंवा आयोची सावली नक्की निघते, चंद्र कडेवर असेल तर तोही. हे आधी करून बघा, त्याच्याशिवाय कॅमेऱ्यावर खर्च करू नका.

ग्रहांचा खास कॅमेरा घ्यायचाच असेल तर २.९ किंवा ३.७५ मायक्रॉन पिक्सेलवाला रंगीत, यूएसबी ३ चा. मेगापिक्सेल बघू नका, वेग बघा. साधा हिशोब असा की पिक्सेल जितके मायक्रॉन त्याच्या पाचपट एफ आकडा, म्हणजे २.९ ला साधारण एफ/१५. तुमची दुर्बीण एफ/८, दोन पटीचा बार्लो (फोकल लेंथ वाढवणारं भिंग) लावला की एफ/१६, फोकल लेंथ २४०० मिमी, एका पिक्सेलमध्ये पाव आर्कसेकंद. गुरू सेन्सरवर १८० पिक्सेलचा पडेल. तीन पटीचा बार्लो लावून ते चित्र मोठं करायचा मोह होतो, करू नका, फक्त अंधूक होतं आणि एक्स्पोजर वाढवावं लागतं.

डोबवर ट्रॅकिंग (आकाशाबरोबर आपोआप फिरणं) नाही म्हणून अडत नाही. आकाश सेकंदाला १५ आर्कसेकंदांनी सरकतं, १९३६ पिक्सेल रुंदीच्या सेन्सरवर गुरू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला साधारण अर्धा मिनिट घेतो. पूर्ण फ्रेम चालू ठेवा, गुरू एका बाजूला आणा, हात काढा, थरथर थांबू द्या, रेकॉर्ड करा, गुरू बाहेर जायच्या आत थांबवा, परत आणा. एक्स्पोजर १० मिलीसेकंद असेल तर तेवढ्यात गुरू ०.१५ आर्कसेकंद सरकतो, एका पिक्सेलपेक्षा कमी, त्यामुळे चित्र ओढलं जात नाही. नंतर पिप नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये टाकलं की ते प्रत्येक फ्रेममध्ये गुरू मध्यावर आणून कापून देतं. ट्रॅकिंगवालं माउंट असेल तर मग ६४० बाय ४८० चा छोटा चौकोन निवडा आणि सेकंदाला शंभरच्या पुढे फ्रेम्स घ्या, काम सोपं होतं.

रेकॉर्डिंगला फायरकॅप्चर किंवा शार्पकॅप, दोन्ही चांगली. एसईआर फॉरमॅट (ग्रहांच्या व्हिडिओसाठीची फाइल). एक्स्पोजर ५ ते १२ मिलीसेकंदांत ठेवा आणि गेन (सेन्सरची संवेदनशीलता) वाढवून हिस्टोग्राम (चित्रातला उजेड किती वर गेलाय ते दाखवणारा आलेख) ६० ते ७० टक्क्यांवर आणा. इथे अधिक्रमणाची एक खास गोष्ट, चंद्र आत शिरताना कडेजवळ असेल तर चिंता नाही पण आयो-युरोपा उजळ झोनवर असताना हिस्टोग्राम नव्वदला नेलात तर झोन आणि चंद्र दोन्ही एकच पांढरे होऊन जातात आणि नंतर कितीही प्रोसेसिंग करा, ते वेगळे होत नाहीत. थोडं अंधारंच घ्या. फोकस गुरूच्या पट्ट्यांवर करत बसू नका, बाहेर असलेल्या दुसऱ्या एखाद्या चंद्रावर करा, तो सगळ्यात बारीक आणि गोल होईल तिथे थांबा, आणि दर वीस मिनिटांनी परत बघा कारण थंडीने नळी आकसते. गुरू खाली असेल तर वातावरणाने रंग फाकतात, वरची कड निळी खालची लाल, त्याला एडीसी (हे फाकणं दुरुस्त करणारं प्रिझमचं उपकरण) लागतो, वर असेल तर सुरुवातीला त्याच्यावाचून चालतं.

व्हिडिओ किती लांब घ्यायचा यावर बरीच मतं आहेत, माझं हे. गुरू दहा तासांहून थोड्या कमी वेळात स्वतःभोवती फिरतो, त्याच्या विषुववृत्तावरचे ढग सेकंदाला १२.६ किमी वेगाने जातात. आयो सेकंदाला १७.३ किमी, युरोपा १३.७, गॅनिमीड १०.९, कॅलिस्टो ८.२. म्हणजे प्रतियुतीजवळ एका मिनिटात बिंबाच्या मध्यावरचे ढग पाव आर्कसेकंद सरकतात आणि आयो एक तृतीयांश. तुमच्या सेटअपमध्ये तो मिनिटाला दीड पिक्सेलही सरकत नाही. म्हणून एका मिनिटाचा व्हिडिओ निर्धास्त घ्या, दीड मिनिटही चालेल, त्यापुढे सावली लांबट अंड्यासारखी व्हायला लागते. हेच आकडे बघून अजून एक मजा लक्षात येते, आयो आणि युरोपा ढगांना मागे टाकत जातात, पण गॅनिमीड आणि कॅलिस्टो मध्यावर असताना खालचे ढगच त्यांना मागे टाकतात. ॲनिमेशन केलंत तर हे डोळ्यांनी दिसतं, लाल डाग (गुरूवरचं मोठं वादळ) जवळ असेल तर तर फारच छान.

ॲनिमेशनसाठी दर चार मिनिटांनी एक व्हिडिओ, मध्ये सेटिंग अजिबात हलवायचं नाही. आयोला बिंब ओलांडायला सव्वादोन-अडीच तास लागतात, म्हणजे ३५ च्या आसपास व्हिडिओ. ६४० बाय ४८० ला सेकंदाला १०० फ्रेम धरल्या तर एक मिनिट म्हणजे १.८ जीबी, सगळे मिळून साठ-पासष्ट जीबी. आधी डिस्क रिकामी करा, मध्यरात्री डिस्क भरली म्हणून रेकॉर्डिंग थांबलं आणि नेमकं चंद्र बाहेर पडणं राहिलं असं अनेकांचं होतं. कॅलिस्टो विषुववृत्ताजवळून गेला तर जवळपास पावणेपाच तास घेतो, तेव्हा तर नुसतं आधी-मध्ये-शेवटी घ्या.

स्टॅकिंगला (व्हिडिओतल्या चांगल्या फ्रेम्स एकावर एक रचून एक चित्र करायला) ऑटोस्टॅकर्ट. वरच्या २० ते ३० टक्के फ्रेम्स ठेवा, हवा चांगली होती त्या दिवशी ५०. मग रेजिस्टॅक्सचे वेव्हलेट्स (चित्र शार्प करायच्या सरकपट्ट्या), आणि इथे हात आवरता घ्या. जास्त शार्प केलं की सावलीभोवती पांढरी कडी येते आणि चंद्राभोवती काळी, बिंबाच्या उजळ कडेला आतून दुसरी खोटी रेघ येते. अशी काळी कडी आली की पाहणाऱ्याला वाटतं चंद्र अगदी स्पष्ट आलाय, पण ती कडी तिथे नाहीये, सॉफ्टवेअरने आणलीय. माझी कसोटी सोपी आहे, सावली काळी आणि कड थोडी मऊ दिसली पाहिजे, त्याच्या पलीकडे सरकपट्टी ढकलायची नाही.

विनजुपॉस सॉफ्टवेअरने बरेच व्हिडिओ डीरोटेट करून (गुरूच्या फिरण्याने आलेला सरकाव काढून) जोडतात, ढगांना त्याने फार फायदा होतो. पण ते गुरूच्या फिरण्याचा हिशोब धरतं, चंद्राच्या वेगाचा नाही, त्यामुळे ढग सुंदर आणि चंद्र-सावली ओढलेली असं चित्र येतं. अनुभवी लोक ढग डीरोटेट केलेल्या चित्रातून घेतात आणि चंद्र व सावली मधल्या एकाच व्हिडिओतून घेऊन त्या जागी बसवतात. हे करायला हरकत नाही असं माझं मत, फक्त चित्राखाली तसं लिहा आणि ज्या व्हिडिओतून चंद्र घेतलाय त्याचीच वेळ द्या. वेळ नसलेला अधिक्रमणाचा फोटो मला अर्धाच वाटतो, तारीख आणि यूटीसीतलं मिनिट असलंच पाहिजे.

मिथेनच्या ८८९ नॅनोमीटर फिल्टरबद्दल पण विचारलं जातं म्हणून सांगतो, त्यात गुरू काळवंडतो आणि चंद्र मात्र उजळच राहतात, त्यामुळे साध्या प्रकाशात हरवलेला युरोपा बिंबावर दिव्यासारखा दिसतो. पण प्रकाश इतका कमी होतो की सहा इंचीला ते काम नाही, मोठा आरसा आणि काळापांढरा कॅमेरा लागतो.

कॅलिस्टो दिसत नाही अशी तक्रार पुष्कळ जण करतात, त्याचं कारण दुर्बीण नाही. गुरूच्या जवळपास बारा वर्षांच्या फेरीत चंद्रांच्या कक्षा आपल्याकडे कधी वर कधी खाली कललेल्या असतात, आणि कॅलिस्टो लांब असल्यामुळे मधली काही वर्षं तो बिंबाच्या वरून किंवा खालूनच निघून जातो, अधिक्रमण होतच नाही. कक्षा कडेने दिसायच्या काळात तो परत बिंबावर येतो, २०२६-२७ चा काळ असाच आहे, आणि याच काळात चंद्र एकमेकांना झाकतात, एकमेकांवर सावली टाकतात तेही दिसतं. तीन सावल्या एकदम बघायच्या असतील तर त्यातली एक कॅलिस्टोची असावीच लागते, कारण आयो, युरोपा, गॅनिमीड एकमेकांशी अडकलेले असल्यामुळे तिघं एकाच वेळी गुरूसमोर येऊच शकत नाहीत. असा योग २४ जानेवारी २०१५ ला होता, पुढचा २० मार्च २०३२ ला. दोन सावल्यांचे योग मात्र दरवर्षी बरेच असतात, तेच धरा.

शनीवरच्या टायटनचं विचारलंत तर ती संधी नुकतीच गेलीय. शनीची कडी आपल्याला कडेने दिसतात त्या सुमारालाच टायटन शनीसमोरून जातो, मार्च २०२५ च्या आगेमागे दर सोळा दिवसांनी त्याची सावली बिंबावर येत होती, पुढची वेळ आता २०३८-३९ च्या आसपास.

तुमच्यासाठी पुढचं काम एवढंच, स्टेलारियममध्ये गॅनिमीडच्या किंवा आयोच्या सावलीची अशी रात्र शोधा की सावली बिंबाच्या मध्यावर असताना गुरू चांगला वर असेल, चारही वेळा लिहून घ्या, दुर्बीण तासभर आधी बाहेर ठेवा, आणि पहिला अर्धा तास फक्त आयपीसमधून बघा, मोबाईल नंतर लावा. व्हिडिओ जमला नाही असं वाटलं तरी मूळ फाइल डिलीट करू नका, वेळेसकट इथे टाका, त्यातून सावली काढता येते का ते मी स्टॅक करून बघतो.